तीन गाठींची बाव

येसूबाई कुणाच्याही हातचं अंडं पाण्यात सोडल्याशिवाय घ्यायची नाही. देणारी सख्खी बहीण असली तरी. तळाला आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर शिळं, तरंगलं तर उकिरड्यावर. समोरची बाई फणकारली की येसूबाई शांतपणे म्हणायची, "तुज्यावर नाय गं संशेव. तुज्या कोंबडीवर हाय."

खरं म्हणजे तो सगळ्यांवरच होता. वाण्याच्या तराजूवर होता, तलाठ्याच्या बोरूवर होता, आणि गोड बोलणाऱ्यावर तर दुप्पट. तिची अंडी कर्जतच्या बाजारातून माथेरानच्या हॉटेलांत जायची, आणि पंधरा वर्षांत एकही अंडं सडकं निघालं म्हणून परत आलं नव्हतं.

शिळफाट्याहून कर्जतकडे येताना पळसदरीच्या अलीकडं बोरखळे लागतं. गाव ओढ्याच्या या अंगाला, आणि त्या अंगाला पंधरा घरांची वाडी. छप्पन सालापर्यंत गाव तिला महारवाडा म्हणायचं. दीक्षा झाली आणि वाडीनं स्वतःचं नाव बौद्धवाडी केलं. गावाच्या तोंडी ते बसायला वेळ लागला, काहींच्या तोंडी बसलंच नाही. येसूबाईचा नवरा हिरू. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर लोटायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडं होतं. दीक्षेनंतर त्यानं तो गाडा चावडीपुढं आणून उभा केला, "आता तुमी लोटा," म्हणाला आणि हात झटकून घरी आला.

मग वाडीनं विहीर खणायला घेतली. विहिरीला आमच्याकडं बाव म्हणतात. तोवर वाडीला गावच्या बावीवर चढायची सोय नव्हती. बायका कठड्याखाली हंडे मांडून उभ्या राहायच्या, वरून कुणी ओतेल त्याची वाट बघत. बऱ्याचदा ओतायला असायची पाटलांची सून सोनुबाई, येसूबाईच्याच वयाची. शिवाशिव नको म्हणून हात उंच धरून ओतायची. निम्मं हंड्यात, निम्मं मातीत. कधी तोडून बोलली नाही, कधी हसलीही नाही. गुरांना पाणी दाखवावं तसं ते काम उरकायची.

बावीला दोन उन्हाळे लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात दरड ढासळली आणि हिरू खाली सापडला. त्याला वर काढला तेव्हा जीव गेला होता, आणि कानात ओली माती होती. म्हणजे पाणी लागलं होतं. येसूबाईनं ह्या दोन्ही गोष्टी एकदमच बघितल्या.

पासष्ट सालच्या वैशाखात बोरखळ्यात पटकी शिरली. मुंबईहून लग्नाला आलेल्या पाव्हण्यांबरोबर आली म्हणे. आठवड्यात गावातली चार माणसं गेली. गावानं मरीआईला साकडं घातलं, घरटी एक कोंबडा कापला. पाचवा माणूस आडवा झाल्यावर उरलेसुरलेही कापले. शेवटी पहाटे बांग द्यायला गावात कोंबडा उरला नाही. बांग ऐकू यायची ती ओढ्यापलीकडून, येसूबाईच्या खुराड्यावरून.

वाडीत मात्र कुणाला साधी ओकारी झाली नव्हती. बरं व्हायला पाहिजे होतं, पण गावाला तेच खुपलं. आपल्याकडं मढी पडतात आणि तिकडं शिंकसुद्धा नाही, हे कसं? कुणी म्हणालं, त्यांनी आईचा गाडा टाकला म्हणून आई कोपली. दुसऱ्यानं विचारलं, कोपली तर त्यांच्यावर कोपावी, आपल्यावर का? त्यावर तिसरा म्हणाला, म्हणजे त्यांनीच आपल्या पाण्यात काहीतरी कालवलंय. सोनुबाईचा मुलगा बुधाजी आता पोलीस पाटील होता. त्यानं चावडीवर सांगून टाकलं, की आणखी एक मढं पडलं की ती बाव बुजवायची.

बोलणं त्याच दिवशी वाडीत पोचलं. येसूबाईचा दीर पांडू कोयती काढून बसला. येसूबाईनं कोयतीकडं बघितलं आणि त्याला सांगितलं, की कोयती एक आणि गाव दोनशे उंबऱ्यांचं. नुसतं बसण्यापेक्षा कौलं शाकार. पण त्या दिवसापासून तिचं लक्ष चुलीवर राहीना. पाटलानं कोंबडा मागायला माणूस धाडला, तिनं त्याला अंगणातूनच परत लावला. ह्या घरचा कोंबडा आता कुठल्या देवीपुढं जाणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी टिपणीस नावाचा गृहस्थ आला. मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतला. अंगानं काडी, नाकावर चष्मा. कर्जत स्टेशनावरून बैलगाडीत दोन पेट्या घालून आला आणि सुट्टीतल्या बंद शाळेत उतरला. पाटलाकडं त्यानं पहिली मागणी केली ती कोंबड्याची. पाटलानं बोट दाखवलं वाडीकडं.

येसूबाई दाणे टाकत होती. साहेब अंगणाच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "बाई, जिवंत कोंबडा पाहिजे. मारायचा नाही, थोडं रक्त पाहिजे."

"पटकीसाठीच ना?"

"हो, पटकीसाठीच."

"मंग तिला जाऊन सांगा, येसूच्या घरचा कोंबडा मिळायचा नाय."

"कुणाला सांगू?" साहेबानं खरंच विचारलं.

येसूबाईनं त्याला खालून वर न्याहाळला. कोट असला म्हणून काय झालं? पटकीसाठी कोंबड्याचं रगत मागणारा भगतच. तोही पाटलानं धाडलेला. गावानं मागितला तर मिळाला नाही, म्हणून आता सरकारच्या तोंडानं मागतायत. तिनं दाण्याची पाटी उचलली आणि आत गेली.

पण आत जाऊन तिला चैन पडेना. दुपारी ती शाळेच्या मागच्या खिडकीशी गेली. आतलं बघून ती चक्रावलीच. लाकडी पेटी, पेटीखाली कंदील, पेटीत बाटल्या आणि पाण्याची ताटली. साहेब मधूनमधून झाकण उचलून ऊब बघत होता. हे तिच्या रोजच्या बघण्यातलं होतं; ती खुडुक कोंबडीखाली करायची, हा कंदिलावर करत होता.

तिनं खिडकीतूनच विचारलं, "काय उबवताय?"

साहेब दचकला, पण खोटं बोलला नाही. "पटकीच उबवतोय."

आजाऱ्यांच्या घरून आणलेले नमुने होते ते. पण हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. साहेब पेटीत पटकी उबवतोय. शाळेपुढची वाट ओस पडली. पाटलालासुद्धा वाटायला लागलं, की ह्याला आपण गावात घेतलं कशाला.

उबवतो असं तोंडावर सांगणारा माणूस येसूबाईला मात्र जरा निराळा वाटला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी गेली. टिपणीसनं तिला जे सांगितलं त्यातलं निम्मं तिच्या डोक्यावरून गेलं. पण एवढं कळलं, की ही पटकी नुसती बोरखळ्याची नव्हे. पार पूर्वेच्या बेटांवरून निघून देशोदेशी फिरत आलेली महामारी आहे. हिचा जंतू मोठा लबाड. धडधाकट माणसाच्या पोटातून फिरतो, पाण्यात दिवसच्या दिवस टिकतो, आणि जुन्या तपासणीत हा खरा पटकीचा नव्हेच म्हणून सुटून जायचा. ही साथ गळ्याशी आली तेव्हा नवी तपासणी शोधणं भाग पडलं. तिकडं कलकत्त्याला कुणाच्या ध्यानात आलं, की हा लबाड कोंबडीच्या रक्तात कालवला की रक्ताच्या गुठळ्या होतात. जुन्या पटकीच्या जंतूनं होत नाहीत, ह्याच्यानं होतात. डोळ्यांदेखत, पानाला चुना लावायला लागतो तेवढ्या वेळात.

"म्हंजे अंडं पान्यात सोडल्यागत," येसूबाई म्हणाली.

साहेबाला आधी कळलं नाही. तिनं समजावल्यावर तो पहिल्यांदा हसला. आजाऱ्यांच्या नमुन्यांबरोबर त्याला पाणीही तपासायचं होतं. गावची बाव, नदीचा डोह, वाडीची बाव. तिन्हीकडं विरळ कापडाच्या पुरचुंड्या दोन दिवस पाण्यात सोडायच्या, जंतू त्यात अडकतो. मग त्या काढून बाटलीत घालून उबवायच्या. पण शेवटी कोंबडीचं रक्त पाहिजेच, आणि त्यानं आणलेलं गाडीच्या प्रवासात नासलं होतं.

येसूबाईनं मुद्द्याला हात घातला. "बाटलीवर नाव कोन लिवनार?"

"मी."

"आन पुसनार कोन?"

टिपणीसला ह्यातलं काही कळलं नाही. पुसणार कोण असतं, म्हणाला. तिनं बोलून दाखवलं नाही, पण तिचा हिशेब साधा होता. शाळेची किल्ली पाटलाकडं. लिहिलेलं वाचता येत होतं पाटलाला, तिला नव्हतं. वाडीच्या बावीचं नाव कुठल्याही बाटलीवर चिकटवता आलं असतं, मग बाव बुजवायला मढ्याचीही गरज उरली नसती.

तिनं अट घातली. कोंबडा देते, पण पुरचुंड्या माझ्या दोरीनं बांधायच्या. अंडी बसवली की येसूबाई अंबाडीच्या दोरीला एकवीस गाठी मारायची आणि रोज एक सोडायची. तेच तिचं पंचांग. तसल्याच एका कोऱ्या दोरीचे तिनं तीन तुकडे केले. गावच्या बावीच्या दोरीला दोन्ही टोकांशी एकेक गाठ, डोहाच्या दोरीला दोन्हीकडं दोन-दोन, वाडीच्या बावीला तीन-तीन. काढताना दोरी मध्ये कापायची. एक तुकडा बाटलीच्या गळ्याला, दुसरा पाण्याशी तसाच राहू द्यायचा. कापलेली टोकं जोडून बघता आली पाहिजेत. टिपणीसला हे सगळं पोरखेळ वाटलं, पण कोंबड्यापायी तो हो म्हणाला. नावाच्या कागदी चिठ्ठ्या तो लावणारच होता.

गावच्या बावीच्या खांबाला त्यानं स्वतः दोरी बांधली. येसूबाई वीस हात लांब जांभळीखाली उभी राहून बघत होती. आणि पाणवठ्यावरून सोनुबाई येसूबाईला बघत होती.

सोनुबाईनं दोरीला गाठ बघितली, दोरीच्या टोकाला पाण्यात सोडलेलं कापड बघितलं, जांभळीखाली उभी राहिलेली येसू बघितली. ह्याला करणी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? बुधाजी कोयता घेऊन दोरी तोडायला निघाला, तर म्हातारीनं त्याला आडवा हात लावला. करणीची गाठ तोडणाऱ्याचा हात झडतो, हे तिनं माहेरी डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवसापासून ती घोंगडी टाकून बावीशी बसली. जेवणही तिथंच मागवलं. कुणाला त्या खांबाकडं फिरकू दिलं नाही. बायका पलीकडच्या अंगानं पाणी भरत राहिल्या.

दोन दिवसांनी टिपणीसनं दोऱ्या मधोमध कापल्या, पुरचुंड्या बाटल्यांत घातल्या, बाटल्या पेटीत ठेवल्या. खांबाला उरलेल्या तुकड्यापाशी सोनुबाई तशीच बसून राहिली. सकाळी झाकण उघडलं, तर ताटलीतल्या पाण्याच्या वाफेनं तिन्ही चिठ्ठ्या सुटून खाली पडलेल्या. शाई विरघळून लगदा झालेला. तीन बाटल्या, तिन्हीत सारखंच गढूळ पाणी.

येसूबाई खिडकीशी आली तेव्हा साहेब हातात बाटली धरून तसाच उभा होता. तिला परिस्थिती कळायला वेळ लागला नाही. तिची नजर बाटल्यांच्या गळ्याकडं गेली. दोऱ्या जागच्या जागी होत्या.

त्यानं विचारलं, एक गाठ म्हणजे कुठलं पाणी? दोऱ्या बांधताना गाठी त्यानं मोजल्याच नव्हत्या, पाण्याशी राहिलेल्या तुकड्यांची तर त्याला आठवणही नव्हती. पोरखेळ कोण मोजतो?

"आदी तुमी सांगा, कंचं पानी नासकं."

"ते उद्या-परवा कळेल. आधी तुम्ही सांगा."

"मंग उद्या-परवाच सांगते."

टिपणीसच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर उमटलं. मी एक गाठ खराब म्हटलं तर ही म्हणणार गावची, तीन म्हटलं तरी म्हणणार गावचीच. येसूबाईनं ते वाचलं. लिहिलेलं येत नसलं तरी तोंडं तिला वाचता यायची. तिला राग आला नाही. त्याच्या जागी तिनंही हेच धरलं असतं. खिडकीच्या गजाच्या दोन बाजूंना दोघं एकमेकांना तोलत राहिले.

शेवटी साहेब म्हणाला, "नकाच सांगू. मला माहीत नसलेलंच बरं." आणि बाटल्यांतले जंतू ज्यांत वाढवायचे त्या काचेच्या ताटल्यांवर त्यानं नावांऐवजी ठिपके काढले. एक, दोन, तीन.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत येसूबाई कोंबडा घेऊन गेली. काखेत स्वतःच धरला, दुसऱ्याच्या हाती दिला नाही. गाव लांब पिंपळाखाली जमलं होतं. टिपणीसनं पंखाखालची शीर शोधली, बारीक सुईनं थोडं रक्त काढलं, कापूस दाबला. कोंबडा फडफडला आणि सोडल्यावर तुरा झाडत पडवीभर फिरला. पिंपळाखाली कुजबुज झाली. रगत घेतलं आणि जीव ठेवला, असला अर्धा बळी कुणी बघितला नव्हता. आता आई कुणावर उलटते ह्याची काहींना काळजी लागली.

साहेबानं रक्त मिठाच्या पाण्यात धुऊन घेतलं, तीन काचपट्ट्यांवर तीन थेंब ठेवले. येसूबाई त्याच्या खांद्याशी उभी होती. पहिल्या ताटलीत उगवलेला जंतूंचा पुंजका तारेनं उचलून त्यानं थेंबात कालवला. बघता बघता नासलेल्या दुधागत कण सुटले. दुसरा थेंबही तसाच फाटला. तिसऱ्या ताटलीत त्याला पाहिजे तसं काही उगवलंच नव्हतं. जे होतं ते त्यानं कालवलं. थेंब तसाच राहिला, गुळगुळीत लाल. त्यानं वाट बघितली, पट्टी हलवली, पुन्हा बघितली. कोंबड्यानं पायाशी टोच मारली तरी येसूबाईनं थेंबावरची नजर काढली नाही.

टिपणीस पडवीच्या कडेला आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "एक गाठ आणि दोन गाठी, ह्या पाण्यात पटकी आहे. तीन गाठी, ह्या पाण्यात नाही."

बुधाजी पाटील पुढं आला. कंची गाठ कुणाची, हे आता ही बाई सांगणार, आणि ते आम्ही मानायचं होय, असं त्यानं विचारलं.

येसूबाई कोंबडा उचलत म्हणाली, "मी कायबी सांगत नाय. बाटल्या घ्या आन पान्याकडं जा."

सगळा घोळका गावच्या बावीकडं निघाला. खांबाला कापलेली दोरी लोंबत होती, तिच्या खांबाकडच्या टोकाशी एक गाठ. टिपणीसनं बाटलीची दोरी तिला लावून बघितली. कापल्या जागचे धागे धाग्यांना मिळाले. बुधाजीनं दोरीकडं बघितलं, मग येसूबाईकडं. म्हणाला, "तीन गाठींची हितं व्हती. हिनंच मागनं बदलली."

 काही जणांनी माना डोलावल्या. येसूबाईला वाटलं, झालं. सगळं बांधून घेतलं, पण माणसाच्या तोंडाला गाठ मारायची राहिली.

तेवढ्यात घोंगडी गोळा करत सोनुबाई उठली. "कुनी नाय बदलली रं," ती लेकाला म्हणाली. "दोरी बांदली तवापासनं मी हितं बसलेय. पयल्यापासनं एकच गाठ हाय. करनी म्हनून मी कुनाला शिवू दिली नाय."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला उमजलं असावं. ती घोंगडी झटकत राहिली, झटकण्यासारखं तिच्यात काही नसताना. पाटलानं स्वतःच्या आईला खोटं पाडलं असतं तर गाव हसलं असतं. त्यानं मुंडासं सारखं केलं आणि साहेबाला विचारलं, की आता पुढं काय.

पुढं सुया टोचल्या, गावच्या बावीत पांढरी भुकटी पडली आणि तीन आठवडे तिथलं पाणी बंद झालं. डोहावर पाटी लागली. राहिली वाडीची बाव. टिपणीसनं वाडीलाही बजावलं. गावातला एकही पोहरा, एकही दोर ह्या पाण्यात पडता कामा नये. एकच पोहरा, एकच हात. बाकीच्यांनी खाली उभं राहून घ्यायचं.

पांडूचं म्हणणं, द्यायचंच कशाला? जाऊ देत खोपोलीला गाड्या घेऊन. वाडीतली तरणी पोरं त्याच्या बाजूची होती. येसूबाई म्हणाली, पाणी द्यायचं. हिरू बाव खणायला उतरला तो कुणाला तहानलेलं ठेवायला नव्हे. पण साहेबानं सांगितलंय ते अक्षर न्‌ अक्षर पाळायचं. त्यांची भांडी आपल्या पोहऱ्याला शिवता कामा नयेत.

ती हे बोलली तेव्हा क्षणभर कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग पांडू हसायला लागला आणि त्याला ठसका लागला.

दुसऱ्या सकाळी गावच्या बायका ओढा ओलांडून आल्या. कठड्याखाली हंडे मांडून उभ्या राहिल्या. वर येसूबाई. तिनं पोहरा ओढला आणि हात उंच धरून ओतला. निम्मं हंड्यात, निम्मं मातीत. नव्या सुनांना त्यात काही दिसलं नाही. ज्यांना दिसलं त्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिल्या. उंच धरला तो साहेबाच्या सांगण्यावरून की आणखी कशावरून, हे येसूबाईनं कधी कुणाला सांगितलं नाही.

चौथा नंबर सोनुबाईचा. तिनं कळशी पुढं केली नाही. "येसू, आदी तू पी."

येसूबाई ओंजळ भरून प्यायली, तिनं तोंड पुसलं. "आता कळशी उपडी करून दाव."

"धुतलीय मी."

"दाव तरी."

सोनुबाईनं कळशी उपडी केली. दोन थेंब गळले. येसूबाईनं ते मातीत जिरलेले बघितले आणि मगच पोहरा सोडला.

पाचवा माणूस जगला. सहावा आडवा झाला नाही. टिपणीस पेट्या घेऊन गेला, पावसाळ्यानंतर त्याचं एक कार्ड आलं. शाळामास्तरांनी वाचून दाखवलं. पुढच्या गावांत आपण बाटल्यांना चिठ्ठीबरोबर गाठींची दोरीही बांधतो, असं त्यात होतं. त्यावर येसूबाईनं विचारलं, "आन कापलेला दुसरा तुकडा पान्याशी ठेवतो का, ते लिवलंय का?" तसं काही लिहिलेलं नव्हतं. "मंग अर्दंच शिकला," ती म्हणाली.

गावची बाव उघडली. वाडीच्या वाटेवरची गर्दी ओसरली. बुधाजीनं बुजवण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याबद्दल बोलला असंही नाही. सोनुबाई मात्र एका दुपारी, कुणी रस्त्यावर नसताना, कळशी घेऊन ओढ्यापलीकडं आली. कठड्याखाली उभी राहिली.

येसूबाई म्हणाली, "तुमची बाव चांगली झाली म्हनतात की."

"म्हनतात," सोनुबाई म्हणाली. "कशावरनं?"

 येसूबाईनं रहाटाकडं हात नेला, मग थांबली आणि खाली कळशीकडं बघत राहिली. सोनुबाईनं न सांगता कळशी उपडी करून दाखवली.